रोज सोळा पेन्स आणि एक तट्टू

बुधवार : लाँगलीट

रेडिंगच्या आम्हा मराठी मंडळींना कॅव्हरशॅम म्हणजे नदीपलीकडची जरा महागडी घरं आणि रविवारी थेम्सकाठी मारायची चक्कर, एवढंच माहीत. साडेचारशे वर्षांपूर्वी तिथं सर फ्रान्सिस नोलिस नावाच्या दरबारी माणसाचं काम चालू होतं आणि त्या कामावर रॉबर्ट स्मिथसन नावाचा एक दगडमिस्त्री होता. 1568 साली तो तिथलं काम आटपून, आपली माणसं घेऊन विल्टशरला गेला. पुढं चाळीसेक वर्षांत त्याच्या हातून इंग्लंडमधली काही फार विलक्षण घरं झाली, आणि नाव मात्र घरमालकांचं झालं. ऑफिसात मी सहज चारचौघांना विचारून पाहिलं. सेंट पॉलवाला क्रिस्टोफर रेन सगळ्यांना ठाऊक, स्मिथसन कुणालाच नाही.

मामा कराडहून आलेले. जन्मभर बांधकामाची कंत्राटं घेतलेला माणूस. लंडन दोन दिवसांत बघून त्यांना कंटाळा आला. मी म्हटलं, चला, एका मिस्त्रीची घरं बघत वर डर्बीशरपर्यंत जाऊ. मामी म्हणाली, “यांच्याबरोबर मी आयुष्यभर बांधकामंच बघितली, मला नका ओढू,” आणि ती नातीजवळ राहिली. मामांनी शर्टाच्या खिशात पाच मीटरची टेप टाकली, वहिनीनं दशम्यांचा डबा दिला आणि आम्ही निघालो.

लाँगलीटला पोचायला पावणेदोन तास लागले. बहुतेक जनता इथं सिंह बघायला येते. 1966 साली आफ्रिकेबाहेरचा पहिला ड्राइव्ह-थ्रू सफारी पार्क इथंच निघाला आणि माकडं गाड्यांचे वायपर उपसतात ती जागाही हीच. गाड्यांची रांग तिकडं वळली, आम्ही आधी ‘हेव्हन्स गेट’ नावाच्या टेकाडावर गेलो. तिथून खालच्या खोऱ्यात घर दिसतं. मधाच्या रंगाचा दगड, सपाट माथा, आणि चारी अंगांनी खिडक्याच खिडक्या. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “वाड्याचं तोंड बाहेर आहे गं.”

नेमकी तीच गोष्ट. त्याआधीचे सरदारांचे वाडे चौकाभोवती बांधलेले आणि आत बघणारे असायचे. बाहेरच्या अंगाला भिंत, दरवाजा, जमलं तर खंदक. आठव्या हेन्रीनं मठ मोडले, त्यांच्या जमिनी विकायला काढल्या आणि नव्या पैशाच्या लोकांनी त्या घेतल्या. सर जॉन थिन हा त्यातलाच. 1540 च्या सुमारास त्यानं इथला जुना मठ 53 पौंडांना घेतला. देशात शांतता होती, आणि राणी एलिझाबेथ उन्हाळ्यात लवाजमा घेऊन सरदारांच्या घरी मुक्कामाला जायची. तिनं आपल्याकडं उतरावं म्हणून सगळ्यांची चढाओढ. तटबंदीची गरज संपली आणि देखाव्याची गरज सुरू झाली.

थिनचं पहिलं घर 1567 मध्ये जळालं. लगेच पुढच्या वर्षी स्मिथसन इथं आला तो राणीच्या बांधकामांवरचा मुख्य दगडमिस्त्री हम्फ्री लव्हेल याचं शिफारसपत्र घेऊन. त्या पत्रात अटी लिहिल्यात : याला रोज 16 पेन्स, म्हणजे आठवड्याचे 8 शिलिंग. शिवाय मालकाच्या खर्चानं पोसलेलं एक तट्टू. त्याच्या माणसांना रोज 12 पेन्स.

हे सांगितल्यावर मामांची कळी खुलली. “म्हणजे रोजावर. उक्तं नाही.”

“रोज चांगला का वाईट?”

“दगडाच्या कामाला रोजच बरा. उक्तं दिलं की मिस्त्री घाई करतो, सांध्यात लबाडी होते. आणि तट्टू कशाला दिलंय माहितीय? खाणीवर जायला. दगड खाणीतच निवडावा लागतो. साइटवर येऊन पडल्यावर कसला निवडतोस?” एवढं बोलून ते खिडकीच्या एका बुरुजाशी गेले आणि दोन चिऱ्यांमधल्या सांध्यावरून अंगठ्याचं नख फिरवू लागले. पेन्सिलीच्या रेघेएवढा सांधा. नख कुठं अडकेना. वर तीन मजल्यांना तीन तऱ्हांचे अर्धस्तंभ आहेत, खाली डोरिक, मध्ये आयोनिक, वर कोरिंथियन. ती नक्षी त्यांनी एका नजरेत उरकली, पण सांध्यापाशी दहा मिनिटं काढली. शेवटी सुरक्षारक्षक जवळ येऊन उभा राहिला.

इथलं श्रेय एकट्या स्मिथसनचं नाही. थिन स्वतः हट्टी मालक, सारखं मोडून पुन्हा बांधणारा. शिवाय ॲलन मेनार्ड नावाचा फ्रेंच शिल्पकारही कामावर होता. थिननं तरुणपणी ड्यूक ऑफ सॉमरसेटकडं कारभारी म्हणून नोकरी केली होती आणि लंडनमधलं त्याचं फ्रेंच-इटालियन वळणाचं घर बघितलं होतं, ते डोक्यात पक्कं बसलेलं. या तिघांच्या ओढाताणीतून आजचं घर निघालं. स्मिथसन इथं शिकला असं मला वाटतं. आला तेव्हा तो उत्तम मिस्त्री होता, बारा वर्षांनी गेला तो अख्खं घर डोक्यात उभं करू शकणारा माणूस होऊन. थिन 1580 मध्ये वारला.

आतल्या दालनांबद्दल फार लिहीत नाही. एकोणिसाव्या शतकात कुणीतरी ती इटालियन सोनेरी करून टाकलीत. छतावरच्या घुमट्या मात्र खालूनही छान दिसतात. जेवण झालं की पाहुण्यांनी गच्चीवर जायचं आणि त्या चिमुकल्या खोल्यांत बसून गोडधोड खात मालकाची जमीन बघायची, अशी ती सोय.

गुरुवार : वॉर्डर

मुक्काम वॉर्मिन्स्टरला एका लहानशा लॉजमध्ये. सकाळी टिसबरीच्या बाजूला निघालो. रस्ते इतके अरुंद की समोरून ट्रॅक्टर आला तेव्हा मला बरंच मागं जावं लागलं आणि मामा “घे, घे, अजून घे” करत राहिले.

जुना वॉर्डर किल्ला सहा बाजूंचा आहे, चौदाव्या शतकाच्या अखेरीचा, आणि आज निम्मा पडलेला. 1570 च्या दशकात सर मॅथ्यू अरंडेलनं त्याला राहण्याजोगं करायला घेतलं आणि स्मिथसनला बोलावलं. म्हणजे काम रिनोव्हेशनचं. जुना किल्ला पाडायचा नाही, पण घर नव्या तऱ्हेचं वाटलं पाहिजे. प्रवेशावर 1578 सालचा लेख आहे. चौकात शिरल्यावर वर जाणाऱ्या जिन्याचं दार दिसतं, दोन्ही अंगांना खांब, वर सिंहाची मुखं. जाड किल्ल्याच्या भिंतीत ते दार इतकं नीटस बसलंय की आधीपासूनच तिथं असावं.

पुढं यादवी युद्धात 1643 मध्ये राजाच्या विरुद्ध बाजूच्या फौजेनं किल्ला घेतला. परत मिळवण्यासाठी वेढा घालणाऱ्या खुद्द मालकाच्या मुलानंच पुढच्या वर्षी सुरुंग उडवला आणि एक बाजू उडाली. त्यामुळं आज भिंतीचा काप उघडा दिसतो. बाहेरून घडीव चिरे, आत चुन्यात कोंबलेली खडी-दगड. मामांना किल्ल्यापेक्षा हा काप आवडला. “हे असलं एरवी कोण दाखवतंय? सगळे प्लॅस्टर दाखवतात.”

तासाभरात झालं बघून. उरलेला दिवस नॉटिंगहॅमच्या रस्त्यावर गेला, त्यात एम-वन महामार्गावरच्या खोळंब्यात फ्लास्कमधला चहाही संपला.

शुक्रवार : वुलटन

गावातल्या सेंट लिओनर्ड चर्चपासून सुरुवात केली. दार लोटलेलं होतं, आत दोन वयस्कर बायका फुलदाण्या लावत होत्या. मी नाव घेताच एक म्हणाली, “आमचा आर्किटेक्ट? या.” वुलटनच्या मालकांची, विलोबी घराण्याची कोरीव, ऐसपैस थडगी ओलांडून तिनं भिंतीवरचा लेख दाखवला. रॉबर्ट स्मिथसन, गृहस्थ, अत्यंत मौलिक अशा वुलटन हाउसचा आणि थोर लौकिकाच्या इतर अनेक घरांचा वास्तुकार व सर्वेक्षक. येशूवर श्रद्धा ठेवून 79 वर्षं जगला, 15 ऑक्टोबर 1614 रोजी निवर्तला.

त्या काळी इंग्लंडात घराचा आराखडा करणं हा वेगळा धंदाच नव्हता. मालक पुस्तकं चाळून कल्पना सांगायचा, मिस्त्री आणि सुतार आपापल्या परीनं ती उभी करायचे. दगडाच्या धुळीत उभा जन्म काढलेल्या माणसाच्या थडग्यावर ‘गृहस्थ’ आणि ‘वास्तुकार’ असं लिहिलं जाणं ही मोठीच बढती होती. मामांनी टोपी काढली. इंग्लंडात आल्यापासून ती डोक्यावरून उतरल्याचं मी पहिल्यांदाच बघितलं.

घर तिथून जवळच टेकडीवर आहे. भोवती हरणांचं कुरण, शाळेची मुलं, कुत्री, आइस्क्रीमची गाडी. नॉटिंगहॅम शहरानं 1925 मध्ये ते विकत घेतलं आणि आत प्राण्यांचं संग्रहालय केलं. जॉर्ज नावाचा पेंढा भरलेला गोरिला हा आता इथला मुख्य रहिवासी.

बाहेरून घर बघताना मात्र हसूही येतं आणि दडपूनही जायला होतं. चार कोपऱ्यांना चार भक्कम बुरुज. मधोमध त्या सगळ्यांच्या डोक्यावरून वर घुसलेला आणखी एक अवाढव्य मजला, त्याच्या कोपऱ्यांना गोल बुरुज्या. भिंतभर अर्धस्तंभ, कोनाडे, ॲरिस्टॉटल, प्लेटो, व्हर्जिल यांचे अर्धपुतळे, फ्लेमिश पुस्तकांतून उचललेली पट्ट्यापट्ट्यांची वेलबुट्टी. लग्नात अंगावरचे सगळे दागिने एकदम घातलेल्या बाईसारखं हे घर आहे. मला ते सुंदर वाटलं नाही. पण नजर हटेना.

पैसा कोळशाचा. सर फ्रान्सिस विलोबीच्या जमिनीखाली कोळसा होता. दगड लिंकनशरमधल्या ॲन्कस्टरचा, आणि तो आणणारी जनावरं परत जाताना कोळसा घेऊन जात, अशी गोष्ट इथं सांगतात. बागेच्या बाजूच्या दारावर लॅटिन लेख आहे. ‘हे पाहा फ्रान्सिस विलोबीचं घर, दुर्मीळ कलेनं उभारलेलं आणि विलोबींसाठी मागं ठेवलेलं. आरंभ 1580, पूर्ण 1588.’

“दुर्मीळ कला कुणाची ते नाही लिहिलं,” मी म्हटलं.

“आपल्याकडं तरी लिहितात का? कोनशिलेवर मंत्री, त्याच्याखाली आमदार, त्याच्याखाली सरपंच. कंत्राटदाराचं नाव फक्त पूल पडला की पेपरात.”

हॉलमध्ये शिरलो. उंची अशी की मान दुखावी. खिडक्या अगदी वर, छताजवळ, कारण हॉल घराच्या पोटात आहे आणि चारी बाजूंनी खोल्या. उजेड वरूनच घ्यायचा. छताला लाकडी हॅमर-बीम, म्हणजे भिंतीतून पुढं आलेल्या आखूड तुळया, जुन्या सरंजामी वाड्यांत असतात तसे, कोरीव आणि भारदस्त. मामा खाली उभे राहून डोळे बारीक करून बघत होते. “हे काही पेलत नाहीये.” मार्गदर्शक बाईला विचारलं तर ती म्हणाली, अगदी बरोबर, हे शोभेचे आहेत. वर गच्चीसारखा आणखी एक दिवाणखाना असल्यानं छत आडवं सपाट आहे. उतरत्या छपराचा आव आणणारी लाकडं नुसती लावलेली.

त्या वरच्या दिवाणखान्यात जायला आगाऊ टूर घ्यावी लागते. चिंचोळ्या गोल जिन्यानं चढलो. वर चारी दिशांना उंचच उंच काचा, खाली कुरण, पलीकडं शहर. हिवाळ्यात इथं बसवत नसणार. एका धनिकाला आपलं राज्य एका जागी उभं राहून बघता यावं म्हणून ही खोली. मामांनी पावलं टाकून मोजमाप घेतलं, मग टेप काढली, मग पावलं बरोबर निघाली म्हणून स्वतःवरच खूष झाले.

विलोबीला हे घर लाभलं नाही. बायकोशी कायमचं वितुष्ट, मुलगा नाही, सहा मुली, डोक्यावर कर्ज. 1596 मध्ये तो लंडनमध्ये वारला आणि तिथंच पुरला गेला. घर गेलं थोरल्या मुलीकडं, ब्रिजेटकडं, आणि तिच्या नवऱ्याकडं, सर पर्सिव्हलकडं. स्मिथसन मात्र इथंच स्थायिक झाला. या घराण्याच्या वसुलीची आणि हिशेबाची कामंही त्यानं केली. म्हणजे ज्याच्या नावाचं घर तो परगावच्या मातीत, आणि या गावच्या चर्चमध्ये लेख मिस्त्रीचा.

रात्री हॉटेलवर मी मामांना लॅपटॉपवर स्मिथसनची रेखाटनं दाखवली. शंभरावर कागद लंडनमध्ये ब्रिटिश वास्तुविशारदांच्या रॉयल इन्स्टिट्यूटकडं आहेत. काही त्याचे, काही मुलाचे, जॉनचे. त्यात खिडक्या, दगडी पडदे, घरांचे आराखडे. पंचाहत्तरीकडं झुकलेला हा माणूस 1609 मध्ये लंडनला जाऊन तिथल्या नव्या इमारतींचे नकाशे काढून आणतो. मामा स्क्रीनवर बोट ठेवून एकेक भिंत वाचत होते. “सफाईदार नाही. पण याला माहिती आहे कुठली भिंत कुणाच्या डोक्यावर येतेय ते.”

शनिवार : हार्डविक

एम-वनवरून डर्बीशरमध्ये शिरलं की डावी-उजवीकडं लक्ष ठेवायचं. एका टेकाडाच्या कडेवर, आभाळासमोर, सहा चौकोनी बुरुज दिसतात. बुरुजांच्या माथ्यावर दगडाची कातीव अक्षरं, ई आणि एस. एलिझाबेथ श्रूजबरी. लोकांच्या तोंडी बेस ऑफ हार्डविक.

बेसबद्दल थोडं सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. याच टेकडीवरच्या बेताच्या जमीनदाराची मुलगी. चार लग्नं झाली आणि प्रत्येक लग्नात ती श्रीमंत होत गेली. चौथा नवरा अर्ल ऑफ श्रूजबरी, देशातल्या सर्वांत बड्या सरदारांपैकी एक. स्कॉटलंडची कैद केलेली राणी मेरी पंधरा वर्षं त्याच्या ताब्यात होती आणि त्या जबाबदारीपायी त्याचा पैसाही गेला, डोकंही गेलं. नवराबायकोचं फाटलं. बेस माहेरच्या जागेवर परत आली आणि 1587 पासून जुन्या घराला नवे मजले, नव्या खोल्या जोडत सुटली. 1590 च्या अखेरीस नवरा वारला. त्याच सुमारास तिनं त्या अर्धवट घराच्या शेजारी, शंभर पावलांवर, नव्या घराचा पाया घातला होता. वय साठीच्या पुढं. पैसा आता मोकळा.

दोन्ही घरं आजही शेजारी शेजारी आहेत. जुनं उघडं पडलंय, छप्पर नाही, वरच्या मजल्यावर भिंतीला चुन्याचे दोन प्रचंड राक्षस पावसात लटकलेत. त्याच बाईनं, त्याच टेकडीवर, त्याच दगडात, पाठोपाठ बांधलेली ही घरं. जुन्याला आराखडा असा नाही, सुचेल तसं जोडत गेलेली खोलीवर खोली. आणि नवं? नव्याची एक वीट इकडची तिकडं करता येत नाही. फरक कशाचा, तर मध्ये डोकं कुणाचं आलं याचा. हे माझं मत. पुरावा म्हणाल तर तुटपुंजा आहे. स्मिथसनच्या कागदांत या घराच्या आराखड्याचं एक रूप सापडतं, आणि बेसच्या हिशेबवहीत 1597 मध्ये ‘सर्वेअर स्मिथसन’ला 20 शिलिंग आणि त्याच्या मुलाला 10 शिलिंग दिल्याची नोंद आहे. एवढंच. ज्या घरावर मालकिणीची अक्षरं आभाळात कोरलीत त्या घरात मिस्त्रीला जागा वहीच्या एका ओळीत.

त्या काळी लोक यमक जुळवून म्हणायचे, ‘हार्डविक हॉल, मोअर ग्लास दॅन वॉल’. समोर उभं राहिलं की पटतं. काच तेव्हा चैनीची वस्तू. बेसनं बाहेरून घेतलीच नाही, स्वतःचा काचेचा कारखाना काढला. शिसं स्वतःच्या खाणींचं, दगड टेकडीच्या पायथ्याच्या खाणीतला. मामांनी मान डोलावली. “वाहतूक वाचली. निम्मा पैसा वाहतुकीत जातो.”

मग ते कोड्यात पडले. “अगं, पण एवढ्या काचा लावल्या तर भार कुणी घेतला? आणि चुली कुठं आहेत? एवढ्या थंडीत पन्नास शेगड्या असणार. धुराडी बाहेरच्या भिंतीत असतात, तिथं तर खिडक्या आहेत.”

उत्तर आत गेल्यावर मिळालं. घराच्या पोटातून लांबीनं एक जाड भिंत जाते आणि बरीचशी धुराडी त्या आतल्या भिंतीत घातलीत. म्हणून बाहेरची भिंत काचेला मोकळी. जिथं ते जमलं नाही तिथं बाहेरून खिडकी दिसते, आतून तिच्यामागं धुराडं असतं किंवा मजल्याची कड. म्हणजे बाहेरून रांग बिघडू द्यायची नाही, आत काय तडजोड करायची ती करा. मामांनी अशी एक खोटी खिडकी बाहेर जाऊन मोजून ओळखली आणि परत आत येऊन खात्री केली. तिकीट तपासणाऱ्या मुलानं त्यांना तिसऱ्यांदाही हसून सोडलं.

दुसरी गोष्ट हॉलची. जुन्या रिवाजात हॉल दर्शनी बाजूला आडवा पसरलेला असायचा. इथं तो घराच्या आरपार, दारापासून मागपर्यंत उभा घातलाय. त्यामुळं दार बरोबर मधोमध येतं आणि दोन्ही अंगं सारखी होतात. कागदावर ही साधी फिरवाफिरवी दिसते, पण अख्खं घर त्यावर उभं आहे.

तळमजला चाकरमान्यांचा, पहिला बेसचा, आणि सगळ्यात वरचा राणी आली तर तिच्यासाठी. वर जाऊ तशा खिडक्या उंच होत जातात. दगडी जिना सरळ चढत नाही. आधी अरुंद, अंधारा, मग वळतो, रुंदावतो, एका खिडकीच्या उजेडात येतो, परत वळतो. कठडाही नाही, डौलही नाही, नुसत्या झिजलेल्या पायऱ्या आणि उजेड. अख्ख्या प्रवासात मला सगळ्यात आवडलेली जागा म्हणाल तर हा जिना. वुलटनचे सगळे पुतळे एका बाजूला आणि हे वळण एका बाजूला.

जिना संपतो तिथं हाय ग्रेट चेंबर. भिंतीचा वरचा भाग रंगीत चुनेगच्चीचा, त्यात जंगल, हरणं, शिकारीची देवता डायना. खाली ब्रसेल्सचे भिंतपडदे. ते पडदे बेसनं 1587 मध्येच घेऊन ठेवले होते आणि खोलीची उंची त्यांच्या मापानं बेतली. “बघ,” मामा म्हणाले, “गिऱ्हाईक आधी सोफा घेतं आणि मग म्हणतं हॉल एवढा करा.”

शेजारची लांब गॅलरी सुमारे 50 मीटरची आहे. पावसाळी दिवसांत बायकांनी शतपावली घालायची जागा. तिथले बायबलमधल्या गिडियनच्या कथेचे तेरा पडदे सहा-सहा मीटर उंच. 1592 मध्ये बेसनं ते राणीचा दिवंगत दरबारी सर ख्रिस्तोफर हॅटन याच्या वारसाकडून 326 पौंड 15 शिलिंग 9 पेन्सना घेतले. त्यांवर हॅटनचं कुलचिन्ह विणलेलं, ते झाकायचा खर्च म्हणून तिनं 5 पौंड सूट मागून घेतली आणि वर कापडावर रंगवलेलं आपलं चिन्ह डकवलं. हॅटनच्या हरिणीला शिंगं जोडून तिचा कॅव्हेंडिश घराण्याचा, म्हणजे बेसच्या दुसऱ्या नवऱ्याच्या घराण्याचा, नर हरिण केला. हे घर सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेनं या पडद्यांची दुरुस्ती 24 वर्षं केली, 2023 मध्ये शेवटचा परत लागला. मामा हा किस्सा ऐकून एवढे हसले की गॅलरीतले सगळे वळून बघायला लागले.

स्कॉटलंडच्या मेरीची म्हणून एक खोली दाखवतात. मेरीचं डोकं 1587 मध्ये उडवलं, पाया घातला 1590 मध्ये. पुढचा हिशेब वाचकांनी करावा.

एलिझाबेथ राणीही इथं कधी आली नाही. बेस ऑक्टोबर 1597 मध्ये राहायला आली आणि फेब्रुवारी 1608 मध्ये वारली. 1601 ची सामानयादी आहे, त्यात तिच्या निजायच्या खोलीत खिडक्यांवर टांगायची जाड पांघरुणं नोंदवलीत. दाराला पडदे, खिडकीला पांघरुणं. सगळ्या इंग्लंडात नसतील एवढ्या काचा लावून घेतल्या आणि मग थंडीनं त्या झाकून बसली म्हातारी. याचा दोष मी मिस्त्रीला देत नाही. मामा देतात. “सांगायचं काम त्याचं होतं,” म्हणे. यावरून जेवताना आमची जुंपली. गिऱ्हाइकाला पटेल तेवढंच सांगायचं की खरं सांगायचं, यावर त्यांच्याकडं चिकार किस्से होते, बहुतेक कराडच्या एका डॉक्टरांच्या बंगल्याबद्दलचे.

रविवार : बोल्सोव्हर

हार्डविकपासून गाडीनं थोड्याच वेळात बोल्सोव्हर. बेसचा धाकटा मुलगा सर चार्ल्स कॅव्हेंडिश यानं 1612 मध्ये इथं जुन्या नॉर्मन किल्ल्याच्या जागी ‘लिटल कॅसल’ सुरू केला. स्मिथसन तेव्हा सत्त्याहत्तरीत, शेजारी मुलगा जॉन. दोन वर्षांत बाप गेला, 1617 मध्ये मालकही गेला, पुढचं सगळं जॉननं आणि चार्ल्सच्या मुलानं, विल्यमनं केलं.

बाहेरून हा किल्ला आहे, चौकोनी, उंच, दंतुर माथ्याचा. लढाईसाठी मात्र कशालाच उपयोगी नाही. आत छोट्या छोट्या खोल्या, कमानदार छतं, खांबांची बैठक, भिंतीभर रंगीत देवदेवता, आणि शेकोट्या तर एकीसारखी दुसरी नाही. वॉर्डरला खऱ्या किल्ल्याचं त्यानं घर केलं होतं, इथं घराला किल्ल्याचं सोंग दिलं. मध्ये छत्तीसेक वर्षं. तोफांच्या काळात किल्ल्यांची गोडी अशी उलटी आली, आणि ती ओळखणारा माणूस ऐंशीला टेकलेला.

विल्यमला घोड्यांचं वेड. त्यानं बांधलेली घोडे शिकवायची लांबलचक शाळा अजून धड आहे आणि तिचं लाकडी छप्पर बघायला मामा बाकावर उताणे झोपले. ते जॉन स्मिथसनच्या पिढीचं काम. शेजारची मोठी दालनं छप्पराविना उभी आहेत. 1634 मध्ये राजा पहिला चार्ल्स इथं पाहुणा म्हणून आला होता. त्याच वर्षी जॉन वारला आणि इथंच पुरला गेला. नातू हंटिंग्डन स्मिथसनही याच धंद्यात होता. तीन पिढ्या, आणि गिऱ्हाईक बहुतेक एकच घराणं. मामांच्या मते धंद्यात हे सगळ्यात अवघड काम, कारण नातवाला आजोबाच्या कामाची बोलणी खावी लागतात.

पार्किंगमध्ये मी नकाशा काढून पुढचं सांगत होते. वर्कसॉप मॅनर इथून जवळ, पण बघण्यात अर्थ नाही. बेसच्या चौथ्या नवऱ्यासाठी केलेलं ते घर 1761 मध्ये जळालं. उरलं यॉर्कशरमधलं बर्टन ॲग्नेस. त्याचा आराखडा स्मिथसनच्या कागदांत सापडतो, आणि घर अजून त्याच घराण्याच्या वारसांकडं आहे. मात्र दोन तास उत्तरेला, आणि आम्हाला तर दक्षिणेला रेडिंगला जायचं.

मामांनी खिशातून फोन काढला आणि मामीला लावला. “अगं, ऐक. आज नाही येत. उद्या, नाहीतर परवा... नाही, गाडी ठीक आहे... जेवलो, जेवलो... अगं एक घर राहिलंय बघायचं.” पलीकडून काय उत्तर आलं ते मला स्पष्ट ऐकू आलं, पण ते इथं लिहिण्यासारखं नाही. मामांनी फोन ठेवला, सीटबेल्ट लावला आणि विचारलं, “तिकडं सोमवारी उघडं असतं ना?”